करकोच्याचा उजवा पंख

“लोक पुस्तकं शिवून घ्यायला आणतात माझ्याकडं,” मौलाचाचा म्हणाले. “तोडून घ्यायला आणणारे तुम्हीच पहिले.”

सिद्राम हसला. मी हसले नाही. पुस्तक माझ्या मांडीवर होतं आणि ते इतकं जड होतं की पायाला मुंग्या आल्या होत्या. तरी मी ते खाली ठेवत नव्हते.

“अर्धं हिचं, अर्धं माझं,” सिद्राम म्हणाला. “मास्तरांनी दोघांना मिळून दिलंय चाचा. मी चाललो पानिपतला, ही राहणार इथं. मग काय करायचं?”

चाचांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“दोघांना मिळून दिलंय ना?”

“हो.”

“मग मिळून ठेवा की.”

यावर आम्ही दोघंही रस्त्याकडं बघायला लागलो. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती. बायंडिंगच्या दुकानासमोरून माणसं लोंढ्यानं जत्रेकडं चालली होती, पोरं पिपाण्या वाजवत होती, आणि बापाच्या खांद्यावर बसलेली एक मुलगी सगळ्यांच्या वरून जग बघत होती. मला तिचा हेवा वाटला. तिला काही ठरवायचं नव्हतं.

मला सिद्राम हवा होता. आज हे लिहिताना काही वाटत नाही, म्हातारपणाचा तेवढा एक फायदा आहे. तेव्हा मात्र ते मी त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही मला काही सांगितलं नव्हतं. पानिपतच्या कारखान्यानं त्याला डिझायनर म्हणून बोलावलं होतं. दोन दिवसांनी गाडी होती. घरातून निघताना मी मनाशी एवढंच ठरवलं होतं की पुस्तकाला पातं लावायची वेळ आली की तो म्हणेल, “नको, राहू दे.” तो एवढं म्हणाला असता तर पुढचं सगळं मला कळलं असतं. पुस्तक एकत्र राहणार म्हणजे आम्हीही राहणार. इथं की पानिपतला, हा प्रश्न माझ्या दृष्टीनं फार किरकोळ होता.

“आण इकडं,” चाचा म्हणाले, आणि पुस्तक माझ्या मांडीवरून गेलं.

आता त्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं.

मल्लय्या मास्तर सोलापूरच्या पूर्व भागातले डिझायनर. चादरीवर जी नक्षी दिसते ती आधी कुणीतरी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढलेली असते. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, ती कार्डं मागावर बसवलेल्या जेकार्ड यंत्राला चढवतात, मग माग ती नक्षी विणतो. सिद्राम आणि मी शाळा सोडून मास्तरांकडे चौकोन रंगवायला लागलो. तो अक्कलकोट रोडकडचा, कन्नड बोलणाऱ्या घरातला. मी साळ्याची, घरी तेलुगू. आमची भांडणं तेवढी मराठीतून व्हायची.

मास्तरांकडे शिकवायला होतं ते हेच एक पुस्तक. पक्ष्यांचं. कुठल्याशा गिरणीतला गोरा साहेब देश सोडून जाताना रद्दीत टाकून गेला होता आणि मास्तरांनी ते उचललं होतं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळं नाव कुणालाच ठाऊक नाही. अक्षरं इंग्रजी होती पण भाषा इंग्रजी नव्हती. म्हणून पक्ष्यांना नावं आम्हीच ठेवली. गळ्याखाली पिशवी असलेला एक होता, तो मुनीम. सतत मागं वळून बघणारी एक होती, ती सासुरवाशीण. लांब मानेच्या एका किडकिडीत पाखराला मी सिद्राम म्हणायची.

“हा मी का?”

“मान बघ की त्याची.”

“आणि तू कुठली?”

“मी या पुस्तकात नाही.”

तो पानं उलटत राहायचा. “सापडशील,” म्हणायचा.

मास्तरांची एक पद्धत होती. पुस्तक उघडून ते आमच्यासमोर ठेवायचे आणि विडी ओढायला बाहेर जायचे. विडी संपवून आत आले की पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, “हं. काढा आता.” पान पुन्हा उघडायची सोय नव्हती. “उघडं ठेवून काढलं तर नक्कल होते,” म्हणायचे. “मिटून काढलं तर डिझाईन होतं. जेवढं आठवलं तेवढं तुमचं.” सुरुवातीला माझ्या पक्ष्यांना पाय नसायचे, सिद्रामच्या पक्ष्यांना चोच नसायची. पुढं सवय झाली. त्या मिटलेल्या पुस्तकातून मास्तरांनी इतक्या चादरी काढल्या की निम्मं सोलापूर त्या साहेबाच्या पाखरांवर निजत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

आमच्या कामातली आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चादरीवरची आकृती आम्ही कधी पूर्ण काढत नाही. अर्धीच काढतो. जेकार्डच्या दोऱ्या अशा बांधलेल्या असतात की तोच अर्धा भाग उलटा फिरून दुसऱ्या बाजूला आपोआप विणला जातो. म्हणून चादरीवरचे मोर नेहमी जोडीनं, तोंडाला तोंड लावून उभे असतात. काम अर्धं, कार्डं अर्धी, मालक खूश. पूर्ण आकृती विणायची तर सगळी बांधणीच बदलावी लागते, आणि तसं करायला कुठला मालक राजी होत नाही.

पुस्तकाच्या बरोबर मध्ये एक करकोचा होता. दोन पानांवर पसरलेला. जमिनीवरून नुकताच सुटलेला, पाय अजून लोंबते. डावा पंख पूर्ण उघडून वर गेलेला, आणि उजवा मात्र अर्धा दुमडलेला, वारा लागतोय का ते बघत असल्यासारखा. सगळ्या पुस्तकात आम्हाला तोच सर्वांत आवडायचा. मास्तरांनाही. पण मास्तरांनी त्याचं डिझाईन कधीच केलं नाही. त्या पानाशी आले की थोडा वेळ बघायचे, “हा अर्धा होत नाही,” म्हणायचे, आणि पान उलटायचे.

एकदा मास्तर बाहेर असताना ते पान बघता बघता माझ्या कुंचल्यातून लाल रंगाचा थेंब त्याच्या उजव्या पंखावर पडला. मी घाबरून पुसायला गेले तर तो आणखी गडद झाला. मास्तरांनी आत येऊन बघितलं.

“कुणी केलं?”

“मी,” सिद्राम म्हणाला.

मास्तरांनी त्याला दिवसभर कुंचले धुवायला लावले. संध्याकाळी मी म्हटलं, “कशाला खोटं बोललास?” तर म्हणाला, “चांगला दिसतोय की ठिपका. माझ्या नावावर राहू दे.”

मग मास्तरांची नजर गेली. आधी चौकोन धूसर झाले, मग ग्राफचा कागद, मग आम्ही. करीमनगरहून मुलगा न्यायला आला. जायच्या दिवशी त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं, माझा हात शोधला, सिद्रामचा शोधला, आणि दोन्ही हातांवर मिळून ते पुस्तक ठेवलं.

“हे तुम्हा दोघांचं,” म्हणाले. हात काढून घ्यायला आम्हाला वेळ लागला.

पुढच्याच आठवड्यात पानिपतचं बोलावणं आलं.

“तू घेऊन जा,” मी म्हटलं.

“आणि तू कशावरून काम करणार?”

“मग इथं राहू दे.”

“आणि मी?”

दोन दिवस आमचं एवढंच बोलणं चाललं होतं. शेवटी अर्धं-अर्धं हा शब्द कुणाच्या तोंडून आधी निघाला ते मला आजही नक्की सांगता येत नाही. आम्ही अर्धं करणारीच माणसं. शब्द कुणाच्याही तोंडात सहज आला असता.

चाचांनी पुस्तक पालथं घालून पाठ तपासली, मग बोटानं पानांचे गठ्ठे वेगळे करून दाखवले.

“हे बघा. पुस्तक म्हणजे असे गठ्ठे एकमेकाला शिवलेले. दोरा तोडला की सुटतात. कुठल्या पानाला इजा होत नाही.” मग मध्यावर आले आणि थांबले. करकोचा उघडला होता. “पण हा इथं आहे. हा गठ्ठ्याच्या मध्यात येतोय. ही दोन पानं दिसतात दोन, पण कागद एकच आहे. इथं दोरा तोडून भागायचं नाही. पातं लावावं लागेल.”

“मग तेवढा गठ्ठा हिच्याकडं द्या,” सिद्राम म्हणाला.

“नको. त्याच्याकडं द्या,” मी म्हटलं.

“तुला आवडतो तो.”

“तुला आवडत नाही का?”

“मला आवडतो म्हणूनच तुला दे म्हणतोय.”

“माझंही तेच आहे.”

चाचांनी दोघांकडं बघून सुस्कारा टाकला. “अरे, भांडताय का लाडात आलाय, काय समजू मी?”

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी खाली बघितलं. सिद्राम माझ्याकडं बघत होता, हे न बघताही मला कळत होतं. मला वाटलं, आता म्हणतो. पुस्तक उघडं होतं, करकोचा समोर होता, मास्तरांचं ते वाक्य त्यालाही आठवत असणार. हा अर्धा होत नाही. एवढंच म्हणायचं होतं कुणीतरी. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याच वेळी तो माझ्या तोंडाकडं बघत होता. अगदी तशीच वाट बघत. ते मला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही.

मग त्यानं आपलं नेहमीचं हसू आणलं.

“अर्धा पुरे आहे चाचा,” म्हणाला. “उरलेला अर्धा जेकार्ड काढतं. आमचा धंदाच आहे तो.”

“खरंय,” मी म्हटलं.

का म्हटलं असेन? तो हसत होता म्हणून. त्याला जायचंच असेल तर आपण अडवणारी कोण, म्हणून. आणि आवाज नीट निघतोय का हे बघायला कुठला तरी शब्द हवा होता म्हणून.

चाचा थोडा वेळ पुस्तकावर हात ठेवून बसले. मग त्यांनी पातं घेतलं, घडीच्या रेषेवर ठेवलं, आणि वरून खाली ओढलं. कागद जुना होता. फारसा आवाज झाला नाही. डावा पंख सिद्रामकडं गेला, उजवा माझ्याकडं आला. माझ्या अर्ध्यावर तो लाल ठिपका होता.

“ठिपका तुझ्याकडं आला,” सिद्राम म्हणाला.

“तुझ्या नावावर आहे तो.”

“असू दे. सांभाळ.”

चाचांनी दोन्ही अर्धी दाबाखाली ठेवली. मग फळीवरून कापडाची एक घडी काढली. हातमागावरचं, जाडसर, मोरपंखी रंगाचं. त्यावर नक्षी होती. मला लगेच ओळखू आली. मास्तरांचा हात. कडेनं बारीक वेल, आणि मध्ये दोन पाखरं. एकीला मागं वळून बघायची सवय, दुसऱ्याची मान लांब.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“मास्तर देऊन गेले. नजर होती तेव्हाच विणवून ठेवलं होतं. जायच्या आधी पोराचा हात धरून आले होते इथवर.” चाचा कापडाकडं बघत बोलत होते, आमच्याकडं नाही. “म्हणाले, माझी दोन पोरं येतील पुस्तक घेऊन. त्याचा पुठ्ठा गेलाय. चांगलं घट्ट शिवून दे आणि हे कापड चढव. नव्या संसाराला जुनं पुस्तक उघडंनागडं नको जायला.”

“मला वाटलं, पातं बघून तरी थांबाल,” चाचा म्हणाले. बाहेर पिपाण्या चालूच होत्या.

मास्तरांनी पुस्तक आमच्या हातांवर ठेवलं नव्हतं. आमचे हात एकमेकांवर ठेवले होते, वर नुसतं वजन ठेवलं होतं. आणि आम्ही दोघं शहाणी, त्याची वाटणी करायला बायंडरकडे आलो होतो. ज्याला दिसत नव्हतं त्या माणसाला जे दिसलं ते आमच्या डोळ्यांसमोर होतं.

त्या क्षणीही बोलता आलं असतं. पुस्तक पुन्हा शिवता आलं असतं, चाचा तर तेवढ्यासाठीच घडी उघडून बसले होते. मी सिद्रामकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. तो कापडावर हात फिरवत होता, पाखरांच्या मधल्या रिकाम्या जागेवरून. मग त्यानं विचारलं, “चाचा, दोन्हींना पुरेल का हे?”

चाचांनी कात्री हातात घेतली.

“पुरेल,” म्हणाले. “तोडलं तर सगळं पुरतं.”

त्यांनी पाखरांच्या मधून कात्री चालवली. लांब मानेचं मी मागून घेतलं. मागं बघणारी त्यानं घेतली. तेवढी एक गोष्ट आम्ही न भांडता केली.

पानिपतहून काही दिवस पत्रं आली. थंडी फार आहे, भाकरी मिळत नाही, इथले लोक पक्ष्यांपेक्षा फुलं मागतात. मग पत्रं थांबली, जशी थांबतात तशी. माझं लग्न झालं. यजमान सुताला रंग द्यायचे. साधा, सरळ माणूस होता. त्यांच्याबरोबर मी सुखानं राहिले, आणि सिद्रामची आठवण कधी थांबली नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मास्तरांचं गिऱ्हाईक माझ्याकडं आलं. माझ्या अर्ध्या पुस्तकावर मी उभा जन्म काढला. त्यातली सगळी पाखरं विणून झाली. करकोच्याचा पंख तेवढा मी कधी ग्राफवर घेतला नाही. बघायची, मिटायची, दुसरंच काहीतरी काढायची. मोठ्या बाजारात गेले की पानिपतच्या चादरींचे ढीग मात्र हातानं चाळायची. दुकानदारांना वाटायचं अक्का भाव काढायला आली आहे.

मग ग्राफ गेले आणि कॉम्प्युटर आले. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा आला. यजमान गेले. गेल्या हिवाळ्यात, एका दुपारी, चादर कारखानदार मुंदड्यांचा धाकटा मुलगा चादरीची घडी काखेत मारून आला. त्यांच्या घराण्याचं काम मी वर्षानुवर्षं करत आलेय.

“अक्का, पानिपतला गेलो होतो,” तो म्हणाला. “हे बघा काय चीज मिळालीय. असंच पाहिजे आपल्याला.”

नमुना आणून ‘असंच पाहिजे’ म्हणणं ही आमच्याकडची रीतच. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मी चादर टेबलावर टाकली आणि न बघताच सवयीनं मधोमध घडी घातली. आम्ही आधी तेच करतो. मध्य सापडला की अर्ध्याचं माप घेता येतं.

कडा जुळल्या, नक्षी जुळली नाही.

मला वाटलं घडी चुकली. पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग मी घडी मोडली आणि चादर पूर्ण पसरली.

करकोचा होता. जमिनीवरून नुकताच सुटलेला, पाय लोंबते. डावा पंख पूर्ण उघडलेला. आणि उजवा अर्धा दुमडलेला, वारा लागतोय का ते बघत असल्यासारखा.

उजवा पंख माझ्या कपाटात होता. कापडाच्या पुठ्ठ्यात, लांब मानेच्या पाखराखाली. सिद्रामनं तो चाचांच्या दुकानातल्या त्या दिवसानंतर पाहिलेला नव्हता. तरी एकेक पीस जागेवर होतं. मिटून काढलेलं. आणि पंखाच्या वळणावर, सगळ्या करड्या-पांढऱ्या सुतात, एकच लाल ठिपका विणलेला होता.

मी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“कुणाचं डिझाईन आहे हे?” मी विचारलं. आवाज नीट निघाला.

“तिथल्या कारखान्यात एक म्हातारा आहे म्हणे. आपल्याकडचाच, सोलापूर साईडचा. मालक हसत होता. म्हणे याच एका डिझाईनसाठी म्हातारा हटून बसला. सगळी बांधणी बदलायला लावली. मालक म्हणाला अर्धं काढ, तर काम सोडतो म्हणाला.”

“अजून कामावर येतात?”

“येतात की. ओळखता का तुम्ही?”

माझं बोट अजून त्या ठिपक्यावरच होतं. तिथं सूत जरा उचललेलं लागत होतं हाताला.

“तेवढा ठिपका काढून टाकू आपण,” तो वाकून म्हणाला. “चूक वाटते ती. आणि बांधणीच्या भानगडीत नको पडायला. डावा पंख घ्या, तोच उजवीकडं फिरवा. कोण बघायलंय? अर्धं करून द्या की अक्का.”

मी चादरीवरून हात फिरवला, डाव्या पंखाकडून उजव्याकडं. मध्ये कुठंही शिवण नव्हती.

“नाही,” मी म्हटलं. “हा अर्धा होत नाही.”

तो दुसरं काही करू म्हणाला, आणि चादरीची घडी घालायला लागला.

“ती राहू दे इथं,” मी म्हटलं. “आणि त्या कारखान्याचा पत्ता सांग.”